ओल्या गोणपाटातला सिगार

सिगार टिचला, पण आवाज इतका बारीक झाला की केबिनमधल्या तिघांपैकी दोघांना तो आपल्याच गुडघ्याचा वाटला. तिसरा यशपाल शिवशरण. त्याला तो आवाज ओळखीचा होता, आणि ओळखीचं माणूस नको त्या ठिकाणी भेटलं की तो जसा रुमाल काढून घाम पुसायला लागायचा तसा त्यानं रुमाल काढला. केबिनमध्ये एसी होता. घाम नव्हता. त्यानं कोरडं कपाळ नीट पुसून घेतलं.

चिंचोळी एमआयडीसीतल्या या टॉवेलच्या कारखान्यात यशपाल अठरा वर्षं स्टोअर्स सांभाळत होता. सूत, रंग, सुया, खोकी, फिनेल, आणि गेले नऊ दिवस एक सिगार. उद्या परदेशातला मोठा खरेदीदार येणार होता, सत्तरीचा, कारखान्याचा अर्धा माल एकटा उचलणारा. गेल्या खेपेला शेंगाचटणी खाऊन डोळ्यांत पाणी आलेलं असताना तो म्हणाला होता की तुमच्याकडं सगळं चांगलं मिळतं, फक्त सिगार मिळत नाही. मालक गुरुराजसाहेब स्वतः सुपारीसुद्धा खात नसत. सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाणी नाही. पण पाहुण्याचं ते वाक्य त्यांनी वर्षभर जपलं आणि मेव्हण्याकरवी दुबईहून सिगार मागवला. एकच. मेव्हण्यानं दुकानदाराला दोनदा विचारून घेतलं होतं की ही किंमत अख्ख्या पेटीची ना. सिगारसोबत एक जाड, मऊ माहितीपत्रक होतं, लग्नपत्रिकेपेक्षा भारी. अकाउंट्सच्या शिवानंदनं त्याचं मराठी करून सांगितलं होतं. पाच पिढ्यांचा वारसा. संपूर्ण हाताने वळलेला. पान तीन वर्षं देवदाराच्या खोलीत मुरवलेलं. चव पहिल्यांदा चामड्याची, मग ओल्या मातीची, मग अक्रोडाची, आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारी अशी एक चव जिला इंग्रजीत जो शब्द होता तो शिवानंदला लागला नाही, म्हणून त्यानं 'पश्चात्ताप' असा लावला. चामडं आणि माती चाटायला एवढे पैसे कोण देतं यावर केबिनमध्ये थोडा वेळ गंभीर चर्चा झाली होती. 'दमट हवेत ठेवावा' या सूचनेचा अर्थ साहेबांनी 'गारव्यात ठेवावा' असा घेतला आणि सिगार नऊ दिवस एसीच्या तोंडासमोर ठेवला. बाहेर एप्रिलचं सोलापूर, त्रेचाळीस अंश, डांबर चपलेला चिकटतंय. आत सिगार थंडगार वाळत होता.

आज रंगीत तालीम होती. शिवानंद पाहुणा झाला होता. तो साहेबांसमोर पायावर पाय टाकून बसला होता, जे त्याला नोकरीत पहिल्यांदाच करायला मिळत होतं, आणि साहेबांनी पेटी उघडून दोन्ही हातांनी सिगार पुढं केला तेव्हा तो भारदस्त आवाजात 'थँक्यू' म्हणाला. त्याच क्षणी वरचं पान या टोकापासून त्या टोकापर्यंत उकललं. शिवानंदचा पाय आपोआप खाली आला. साहेबांचा चेहरा पाहून वाटत होतं की कारखान्याची भिंतच उकललीय. आणि यशपालनं, रुमाल खिशात ठेवून, कुणी न सांगता, पुढं होऊन सिगार उचलला. बोटांत धरून कानाजवळ नेला, किंचित दाबला, आवाज ऐकला. मग नाकाशी नेला. मग तो बोलला, आणि बोलताना त्याला दुसरंच कुणी बोलतंय असं ऐकू आलं. "पान वाळलंय. आतला तंबाखू ठीक आहे. ओल्या गोणपाटात सकाळपर्यंत ठेवला तर पान परत येईल."

साहेबांनी विचारलं, "शिवशरण, तुम्हाला काय माहीत हे?"

"वाचलंय कुठंतरी," यशपाल म्हणाला.

एवढंच झालं, आणि साहेबांनी पेटी त्याच्याच हाती दिली. साडेपाचच्या कंपनी बसमध्ये खिडकीशी बसून, मांडीवर ती लाकडी पेटी घेऊन यशपाल त्या दोन शब्दांकडं बघत होता. वाचलंय कुठंतरी. कुठं वाचणार? पान वाळल्याचं कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते वस्तीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत, उंबऱ्याशी, जिथं उजेड पडतो त्या दीड फुटात, आईच्या मांडीवरच्या सुपात ऐकलेलं होतं. सूप, सुपात तंबाखू, डाव्या हाताला ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूची पानं, उजव्या हाताला कात्री आणि पत्र्याचा फर्मा, ज्याच्या मापानं पान कापायचं. पानावर चिमूट तंबाखू, दोन्ही अंगठ्यांचा एक फेरा, तोंड दुमडायचं, लाल दोऱ्याचे वेढे घ्यायचे, टाकायचं. एवढ्यात शेजारीण एक वाक्य बोलायची. वाक्याला एक विडी, असा हिशेब असायचा, आणि चंद्रव्वा नावाची शेजारीण लांब वाक्यं बोलायची म्हणून तिच्या विड्या भरायच्या नाहीत असं आई म्हणायची. पान सुकं असलं तर वळताना टिचायचं. तो आवाज झाला की आई हात थांबवायची आणि पानाकडं नाही, यशपालकडं बघायची, कारण गोणपाटावर पाणी शिंपडायचं काम त्याच्याकडं होतं. त्याला त्या बघण्याची भीती वाटायची नाही. भीती वाटायची ती ते बघणं सोसायचं कसं याची. टिचलेली विडी कारखान्यात गेली की चेकर ती बोटांत धरून सगळ्या बायकांसमोर मोडायचा आणि बाजूला टाकायचा. छाट. अख्ख्या सुपातली किती छाट गेली हे आई घरी येऊन सांगायची नाही. ती आल्यावर भाकरी थापताना जेवढे आवाज व्हायचे त्यावरून कळायचं.

बस बाळे गावाजवळ सिग्नलला थांबली. शेजारी बसलेल्या माणसानं नाक वर करून इकडं तिकडं बघितलं. यशपालनं पेटीचं झाकण घट्ट दाबलं आणि आपले हात, नकळत, मांडीखाली घेतले. चव्वेचाळीस वर्षांचा, चष्म्यातला, स्टोअर्स इनचार्ज माणूस बसमध्ये स्वतःच्या हातांवर बसला होता. सहावीत तो असाच बसायचा. सहावीत एकदा शाळेच्या मुतारीत विडीची थोटकं सापडली. गुरुजींनी तपासाची एक सोपी रीत काढली. सगळ्या पोरांना ओळीत उभं केलं, हात पुढं करायला लावले आणि एकेकाचे हात हुंगत निघाले. बेचाळीस पोरं, चौऱ्याऐंशी तळवे. कुणाच्या हाताला शेण, कुणाच्या हाताला खोबरेल, एकाच्या हाताला, का कोण जाणे, अत्तर. यशपालच्या हातांपाशी गुरुजी थांबले. दुसऱ्यांदा हुंगले. त्या सकाळी त्यानं शाळेला येण्याआधी पानांच्या दोन जुड्या कापल्या होत्या, सूप झाडलं होतं. गुरुजी म्हणाले, "ओढतोस?" आणि यशपालला दोन उत्तरं दिसली. एक खरं होतं: माझी आई वळते. ते दिलं असतं तर छडी बसली नसती, पण बेचाळीस पोरांना कळलं असतं की ह्याच्या घरात सूप घेऊन बसतात. ओढणारा पोरगा वाईट असतो, पण मोठा असतो. वळणारीचा पोरगा नुसता वळणारीचा पोरगा असतो. "व्हय," तो म्हणाला. आयुष्यात तोवर एक विडी न ओढलेल्या यशपालनं विडी ओढल्याबद्दल सहा छड्या खाल्ल्या, आणि ज्यानं खरोखर ओढल्या होत्या त्या अत्तरवाल्यानं मधल्या सुट्टीत त्याला आदरानं अर्धा पेरू दिला.

इथवर ती गोष्ट त्यानं चैतालीला, बायकोला, सांगितली होती. ती हसली होती, तोही हसला होता. पुढची गोष्ट त्यानं कुणाला सांगितली नव्हती. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी आईला बोलावलं. मनकर्णा धोंडिराम शिवशरण धुतलेलं लुगडं नेसून शाळेत आली, व्हरांड्यात चपला काढून उभी राहिली. गुरुजी म्हणाले, बाई, पोरगं विड्या ओढतंय, आणि त्यानं स्वतः कबूल केलंय. आईनं यशपालकडं बघितलं. सुपाच्या कडेनं बघायची तसंच, पान टिचल्यावर बघायची तसंच. त्या बघण्याला किती वेळ लागला? एक विडी वळून व्हावी एवढा. तेवढ्यात तिला सगळं कळलं: की पोरगं ओढत नाही, की पोरगं खोटं बोललंय, आणि ते कुणाला झाकायला. मग ती पुढं झाली आणि तिनं त्याच्या कानाखाली एक वाजवली. "विड्या वढतोस व्हय रं?" ती म्हणाली. गुरुजींना बरं वाटलं. ती चापट लागली नव्हती. वळणाऱ्या बाईच्या बोटांत किती जोर असतो ते त्याला माहीत होतं. तिनं तो सगळा जोर हात मागं ओढण्यात घालवला होता. गालावर फक्त वास राहिला. त्या दिवसापासून तिनं त्याला पानाला हात लावू दिला नाही. पहाटे चारला उठून ती स्वतः पानं कापायची, आणि तो शाळेला निघाला की चुलीतली राख आणि लिंबाची फोड घेऊन त्याचे हात कोपरापर्यंत घासायची, एखादं भांडं घासावं तसं, आणि शेवटी हुंगून बघायची. पास. मग तो जायचा. पुढं तो शिकला, 'न्हाय'चं 'नाही' केलं, 'व्हय'चं 'हो' केलं, नोकरीच्या मुलाखतीत गुरुराजसाहेबांनी सहज विचारलं की आई काय करते, तर तो म्हणाला, शिवणकाम. दोराही होता, कात्रीही होती. फार खोटं नव्हतं. त्या शिवणकामाला आता अठरा वर्षं झाली होती. एकदा साहेबांनी घरचे पडदे शिवायला द्यायचे काढले तेव्हा त्याला आईचे डोळे अधू करावे लागले होते.

जुळे सोलापुरातला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. सहा वर्षांपूर्वी आईला इथं आणताना एकच अट होती, आणि ती त्यानं घातली नव्हती, आईनंच घालून घेतली होती: की आता वळायचं नाही. ती गॅलरीत बसायची. मांडीवर काही नसायचं, पण मांडी सुपाला जागा ठेवून घातलेली असायची. आणि अंगठे फिरायचे. टीव्हीवर बातम्या चालू असताना, चैताली भाजी निवडत काही सांगत असताना, बोटं रिकाम्या हवेचा एक फेरा घ्यायची, दुमडायची, टाकायची. चैताली एकदा म्हणाली होती की आईंनी आत्तापर्यंत या गॅलरीत लाखभर तरी विड्या वळल्या असतील, बरं झालं दिसत नाहीत, नाहीतर आपल्याला जागा उरली नसती. त्या तिन्हीसांजेला यशपालनं पेटी आईसमोर ठेवली आणि काय झालंय ते सांगितलं. मनकर्णानं सिगार उचलला नाही. आधी माहितीपत्रक हातात घेतलं. त्यावर एका म्हाताऱ्या बाईचा फोटो होता. ती लाकडी टेबलाशी बसून सिगार वळत होती, आणि तिच्या मागं खिडकीतून सोनेरी ऊन येत होतं.

"हिला खुर्ची दिलीया," आई म्हणाली. बराच वेळ तिनं फोटो बघितला. "मान दुकत असंल हिची. खुर्चीत बसलं की मान दुकती. किती पोरं हायत?"

ते लिहिलेलं नाही, यशपाल म्हणाला.

"मग काय लिवलंय एवढं?"

त्यानं सांगितलं. पाच पिढ्यांचा वारसा. आईनं बोटांवर मोजलं: तिची सासू, सासूची आई, ती स्वतः. तीनच. तिनं त्याच्याकडं बघितलं आणि चौथं बोट, जे तिनं उचललं होतं, परत मिटलं. चवीचं सांगितलं, चामडं, माती, अक्रोड. शेवटच्या चवीला आमच्या अकाउंटंटनं पश्चात्ताप म्हटलंय, असंही सांगितलं. "वळणारीला इचारून लिवलेलं दिसत न्हाय," ती म्हणाली, आणि मग तिनं सिगार उचलला. यशपालला वाटलं होतं ती हुंगेल, नाहीतर हसेल. तिनं तो सहा वर्षं रिकाम्या फिरणाऱ्या बोटांत धरला आणि बोटं थांबली. गॅलरीत एकदम शांत झालं, जसं पंखा बंद झाल्यावर कळतं की पंखा चालू होता. ती चेकरसारखा एका टोकापासून चाचपत गेली. ही बाई डावखुरी हाय, ती म्हणाली. हितवर नीट भरलंय, आन् हितं कुणीतरी तिला हाक मारलीया. परत आली, पर मन न्हाय आलं. यशपालनं तिला सावकाश सांगितलं की आई, काही करायचं नाही, फक्त ओल्या गोणपाटात ठेवायचं, उद्या सकाळी न्यायचंय, पाहुणा मोठा आहे. व्हय, ती म्हणाली. गोणपाट फ्लॅटमध्ये नव्हतं. खालच्या किराणावाल्याकडून तांदळाचं रिकामं पोतं आणलं. आईनं ते भिजवलं, पिळलं, गालाला लावून ओल बघितली, आणि सिगार त्यात असा गुंडाळला की चैतालीला आपल्या बाळंतपणातली दुपटी आठवली. यशपाल झोपला तेव्हा त्याच्या मनात एक लहानसं, लाजिरवाणं समाधान होतं. काम झालं होतं आणि कुणाला काही कळणार नव्हतं.

सकाळी तो अंघोळ करून आला तेव्हा आई ओट्याशी चहा पीत बसली होती, धुतलेल्या लुगड्यात, शाळेत आली होती तशी. टेबलावर पेटी बंद होती. शेजारी एक गंजका पत्र्याचा डबा उघडा होता, जो सहा वर्षांपूर्वी वस्तीतून निघताना फेकून दिलाय असं तिनं सांगितलं होतं. डब्यात कात्री, फर्मा, लाल दोऱ्याचं रीळ, आणि तेंदूच्या एका जुडीतली उरलेली, ओल्या पोत्यात मऊ झालेली पानं. यशपालनं पेटी उघडली. आत, मखमलीवर, सिगारच्या सोनेरी कागदी पट्टीसकट, एक विडी होती. सिगारएवढ्या लांबीची, अंगठ्याएवढ्या जाडीची. चार पानं एकावर एक अशी बसवलेली की जोड शोधून सापडत नव्हता; तोंड मोदकासारखं चुण्या घालून दुमडलेलं; बुडाशी लाल दोऱ्याचे सात वेढे. जगात एवढी महाग विडी नसेल. चैताली चष्मा लावून पुढं आली, बघितलं, आणि म्हणाली, "एक जुडगा माचीस पण द्या सोबत. ही मधेच विझते."

मूळचं पान कुठंय, यशपालनं विचारलं. कडीपत्त्याच्या कुंडीत घातलं, आई म्हणाली. वाळलेलं पान परत येतं, पर टिचलेलं येत न्हाय. टिचलेलं झाकून दिलं तर चेकर धरतो, मोडतो. म्हणून समदं सोडलं, तंबाखू निवडला, त्या बाईचं मन न्हवतं तितं परत भरलं. "आता बग," ती म्हणाली, "पास हुईल न्हवं?" तिनं त्याच्याकडं बघितलं. चाळीस वर्षं हा प्रश्न ती फक्त चेकरला विचारायची, मान खाली घालून. आता तिची मान वर होती. डोळ्यांखाली पहाटे चारचं जागरण होतं. तिनं चूक केली होती, आणि अशी चूक अख्ख्या पृथ्वीवर एकच माणूस करू शकत होतं, हे यशपालला दिसलं. "होईल," तो म्हणाला.

बसमध्ये त्यानं तीनदा झाकण उघडून बघितलं, जणू दरम्यान आतल्या वस्तूचं मन बदललं असतं. शक्यता त्यानं क्रमानं तपासल्या, स्टोअर्समध्ये तपासायचा तशा. पेटी बसमध्ये विसरता येईल. पेटी चोरीला जाऊ शकते. बस उलटू शकते. त्यानं ड्रायव्हरकडं आशेनं बघितलं, पण तो पस्तीसच्या वर जात नव्हता. पाहुण्याला रात्रीतून सिगार सोडायचा सल्ला डॉक्टर देऊ शकतो. या सगळ्याच्या खाली, तळाशी, एक ओलसर जागा होती जिथं तो पाय ठेवत नव्हता. तिथं एक बाई व्हरांड्यात चपला काढून उभी होती, आणि ती परत त्याच्या खोट्याला हात देणार होती. ती तयार होती. तो म्हणाला असता की तुझ्यामुळं साहेबांनी मला झापलं, तर ती 'चुकलं माजं' म्हणाली असती आणि डबा खाली नेऊन खरंच फेकला असता. तिचा हात हलका होता हेच सगळ्यात वाईट होतं. छडीचे वळ चार दिवसांत गेले होते.

अकरा वाजता केबिनमध्ये पाहुणा होता, साहेब होते, शिवानंद होता, आणि पेटी आणली म्हणून दाराशी यशपाल. पाहुणा उंच, वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा. साहेबांनी तालमीप्रमाणं दोन्ही हातांनी पेटी पुढं केली आणि झाकण उघडलं. शिवानंदनं वाकून बघितलं. साहेबांनी बघितलं. त्यांच्या तोंडून कन्नड बाहेर आलं, जे फक्त घरचं कुणी गेल्यावर यायचं. "इदेनु?" मग भान येऊन, यशपालकडं वळून, हळू आवाजात: "शिवशरण, हे काय आहे?"

उत्तर शिवानंदनं दिलं. तो मनानं चांगला होता. साहेब, दुबईत फसवलं, तो म्हणाला, पेटीत वरनं पट्टी लावून भलतंच दिलंय, काल आपण नीट बघितलंच नाही. साहेबांच्या चेहऱ्यावर हळूहळू रक्त परत आलं. फसवलं हे समजण्यासारखं होतं. फसवणाऱ्याचा राग येऊ शकत होता, पाहुण्याची माफी मागता येत होती, दुपारच्या जेवणापर्यंत सगळं मिटलं असतं. दोघंही यशपालकडं बघत होते. त्यानं बोलायचंही नव्हतं. नुसती मान हलवायची होती. अर्धा पेरू समोर धरलेला होता. यशपालला आपले हात दिसले. ते मांडीखाली नव्हते, कारण तो उभा होता. सकाळी पेटी उचलताना, बसमध्ये तीनदा झाकण उघडताना त्यांना वास लागला होता. तो त्यानं धुतला नव्हता. का धुतला नव्हता? घाईत राहिलं असेल. बेसिन समोरच होतं.

"फसवलं नाही कुणी," तो म्हणाला. "माझ्या आईनं वळलीय. पान टिचलं होतं म्हणून तिनं तिच्याजवळचं घातलं. ती चाळीस वर्षं विड्या वळायची, साहेब. शिवणकाम नाही. तिचे डोळे चांगले आहेत."

पाहुण्यानं विचारलं की हे काय म्हणतायत. साहेबांना आता भाषांतर करायचं होतं, आणि तेवढं इंग्रजी त्यांना येत होतं हीच अडचण होती. शेवटी ते म्हणाले, हिज मदर. हँडमेड. पाहुण्यानं विडी उचलली. दोऱ्यावरनं अंगठा फिरवला. दोरा कशाला आहे, त्यानं विचारलं, आणि ते यशपालनं थेट सांगितलं, मोडक्या इंग्रजीत, की उघडू नये म्हणून. पाहुण्यानं ती पेटवली. ती विझली. परत पेटवली. तिसऱ्यांदा विझली तेव्हा यशपाल म्हणाला की ओढत राहावं लागतं, सोडून चालत नाही, आणि काडी त्यानं स्वतः धरली. पाहुणा खोकला, डोळ्यांत पाणी आलं, गेल्या वर्षीच्या चटणीला आलं होतं तसंच. त्यानं ती निम्मी ओढली. मग उरलेली विझवून, कागदात गुंडाळून कोटाच्या खिशात ठेवली, आणि टॉवेलच्या नमुन्यांकडं वळला. त्याला आवडली की तो सभ्य होता, हे तिथं कुणालाच कळलं नाही. ऑर्डरचं संध्याकाळपर्यंत काही ठरलं नाही. त्यात नवं नव्हतं; तो नेहमी मेलनं कळवायचा.

पाहुण्याची गाडी गेल्यावर साहेब गेटपाशी उभे राहिले. यशपाल दोन पावलं मागं. ऊन असं होतं की दोघांची सावली पायाखालीच होती. साहेब रस्त्याकडं बघत म्हणाले, "अठरा वर्षं तुम्ही माझ्या समोर बसून खोटं बोलला, शिवशरण." रागानं नाही, एखादा आकडा चुकलेला सापडावा तसं. मग म्हणाले, "पडदे मी बाहेर दिले. बाईनं तोकडे केले." आणि आत जाता जाता: "सोमवारी बोलू." सोमवारी काय बोलणार ते यशपालला माहीत नव्हतं. स्टोअर्समध्ये जाऊन त्यानं सुयांची खोकी मोजली, मग परत मोजली. दोन्ही वेळा बरोबर आली, याचं त्याला बारीक आश्चर्य वाटलं.

संध्याकाळी आई गॅलरीत होती. सूर्य समोरच्या पाण्याच्या टाकीमागं चालला होता आणि कठड्याची सावली तिच्या मांडीवर, सुपाच्या जागी पडली होती. बोटं थांबलेली होती. तो चप्पल काढेपर्यंत तिनं वाट बघितली.

"पास झाली?"

"अर्धी ओढली त्यानं. अर्धी खिशात घालून नेली."

तिनं यावर विचार केला. असा निकाल तिच्या कारखान्यात कधी लागला नव्हता. "मोडली न्हाय?"

"मोडली नाही."

कुंडीतल्या कडीपत्त्याला कुणीतरी पाणी घातलं होतं. मातीत ते दुबईचं पान ओलं होऊन परत मऊ पडलं होतं. आई त्याच्याकडं बघत नव्हती. पदराच्या टोकाशी चाळा करत ती म्हणाली, "कुणी वळली म्हनून सांगितलंस?"

"तुझं नाव सांगितलं."

खालच्या रस्त्यावरनं एक रिक्षा गेली, तिच्या मागं अजून एक. मनकर्णानं हात पुढं केला. तिनं त्याचा उजवा तळवा धरला, उलटा केला, आणि सावकाश नाकाशी नेला, शाळेला निघताना न्यायची तसा. पण हुंगून झाल्यावर तिनं तो सोडला नाही. मग तिनं वर बघितलं, आणि तेहतीस वर्षं जे विचारायचं राहिलं होतं ते विचारलं.

"मग? मारलं न्हाय न्हवं कुणी?"

"न्हाय, आई," यशपाल म्हणाला. "न्हाय मारलं."